ढ तुकडीचं लोढणं

शाळेच्या मागं, मुतारीला लागून, पत्र्याचं एक शेड होतं. आधी त्यात खताच्या गोण्या असायच्या. गोण्या हलल्या, पोरं आली, वास तेवढा जागेवर राहिला. हेडसर तातेरावांनी दारावर खडूनं ‘ड तुकडी’ असं लिहिलं, तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्या ड ला एक गाठ मारून त्याचा ढ केला. नंदाबाईंनी तो पदरानं पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढ. त्यांनी पुन्हा पुसला. पुढं पुढं हेडसरच स्टाफरूममध्ये चारचौघांत विचारायला लागले, "काय मॅडम, काय म्हणती तुमची ढ तुकडी?" आणि बाकीचे मास्तर बशीतला चहा सांडेपर्यंत हसायचे.

टेंभुर्णीच्या अलीकडचं खापरदरी हे गाव आणि शाळा काकासाहेबांच्या संस्थेची. अ, ब आणि क मधून जी पोरं गळाली ती सगळी या शेडात. नापास झालेली, मास्तरावर हात उगारलेली, तोतरी, मेंढरामागं जाऊन अर्धं वर्ष बुडवलेली, आठवी ते दहावी सगळी एकत्र. कागदावर या वर्गाला ‘सुधार वर्ग’ असं गोंडस नाव दिलेलं होतं. नावं कमी करावीत तर पट घसरतो, आणि पट घसरला की तुकडी जाते. म्हणून पोरांना काढायचं नाही आणि शिकवायचंही नाही, असा एकूण मामला होता. हा वर्ग नंदाबाईंच्या पदरात पडला, कारण त्यांच्या नोकरीला अजून मान्यता आली नव्हती. मान्यता न आलेल्या बाईला नाही म्हणायची सोय नसते.

पण नंदाबाई शिकवायच्या. रागारागानं शिकवायच्या. पत्रा तापला की पोरांना बाहेर लिंबाखाली न्यायच्या, वाटीत गोट्या घालून अपूर्णांक शिकवायच्या, तोतऱ्या पोराचं वाक्य पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांना डोळ्यांनी गप्प बसवायच्या. एखादा पोरगा दुसऱ्याच्या अंगावर धावला तर त्याला धरून शाळेला फेरी मारायला लावायच्या आणि परत आल्यावर विचारायच्या, "झाला राग? आता बोल." त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या घरी म्हैस होती, रान होतं आणि स्वतःचाच राग भरपूर होता, त्यावरून त्यांनी ते काढलं होतं.

या तुकडीत दहावीला एकच पोरगा होता, म्हस्कू. धुळाजी धनगराचा. नाव आज्याचं ठेवलेलं, म्हणून पोरं हसायची. वाचताना ओळीखाली बोट धरायचा, अडला की ओळ पहिल्यापासून घ्यायचा, पण पुस्तक खाली ठेवायचा नाही. आणि पळायचा असा की ढेकळांच्या रानातसुद्धा त्याचा पाय अडखळत नसे. नंदाबाईंनीच त्याच्या डोक्यात भरवलं होतं, "मिलिटरीच्या भरतीत पळायला लावतात, म्हस्कू. पाय तुझ्याकडं आहेत. दहावीचा कागद तेवढा पाहिजे." तेव्हापासून तो रोज सकाळी मेंढरं बापाच्या हवाली करून पळतच शाळेत यायचा. बोर्डाचे फॉर्म दिवाळीनंतर भरायचे होते. त्याचा फॉर्म जाणार की नाही, हे हेडसरांच्या हातात होतं.

शहाण्णवची ती दिवाळी संपली आणि सगळीकडं कापूस एकदम फुटला. वेचणाऱ्या बाया आणि गडी टोळ्यांनी ऊसतोडीला निघून गेले होते. काकासाहेबांचा ओढ्याकाठचा मळा पांढराशिपट पडला होता. मग दर बुधवारी आणि शनिवारी दुपारून ढ तुकडीला ‘कार्यानुभव’ सुरू झाला. म्हणजे काय, तर पोरांनी कमरेला फडकं बांधायचं आणि काकासाहेबांचा कापूस वेचायचा. अ तुकडीचा कार्यानुभव म्हणजे दिवाळीआधी केलेले पुठ्ठ्याचे आकाशकंदील.

पहिल्याच शनिवारी म्हस्कू मळ्याच्या बांधापर्यंत आला, थांबला, कमरेचं फडकं सोडून बांधावर ठेवलं आणि पळाला. बुधवारी पुन्हा तसंच. पुढच्या शनिवारी हेडसर स्वतः फटफटी घेऊन मागं गेले, तर हा नांगरटीतून पळाला आणि फटफटी काळ्या ढेकळांत आडवी झाली. हेडसरांची पँट गुडघ्यावर फाटली. त्यांचा राग त्या फाटक्या पँटीचा होता, हे सगळ्या शाळेला कळत होतं.

त्याच संध्याकाळी धुळाजीला बोलावणं गेलं. तो आला तो वहाणा पार फाटकापाशी काढून, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ऑफिसच्या दारात उभा राहिला, आत आला नाही.

"धुळाजी, पळकं ढोर आहे तुमचं," हेडसर म्हणाले. "माणसांत बसायच्या लायकीचं न्हाई."

"जी."

"असल्याचा बोर्डाचा फॉर्म मी कसा भरू? उद्या परीक्षेतून पळालं तर?"

"मारून बघितलं, साहेब. आयकत न्हाई. तुमीच सांगा काय करू ते."

स्टाफरूमच्या दारात मास्तर लोक जमले होते. हेडसरांना प्रेक्षक मिळाले की फार सुचायचं. "मला काय विचारता? पळक्या ढोराला तुम्ही लोक काय करता? लोढणं बांधा गळ्यात! लोढणं बांधून आणा शाळेत. सुधरलं की सोडू, आणि मग फॉर्म भरतो. बिलकुल भरतो!"

मास्तर हसले. नंदाबाई हसल्या नाहीत, पण हे हेडसरांचं नेहमीचं घाणेरडं बोलणं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. धुळाजीही हसला नाही. यात हसण्यासारखं काही आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो जरा विचार करून म्हणाला, "बाभळीचं चालंल का, साहेब?"

"बाभळीचं करा, लिंबाचं करा, कशाचं बी करा!" हेडसर डोळे पुसत म्हणाले.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी फाटकातून धुळाजी आणि म्हस्कू आत आले. पुढं बाप, मागं पोरगा. पोराच्या गळ्यात सुती दोर होता आणि दोराला बाभळीचा ओंडका लोंबत होता, चांगला मांडीएवढा जाड. चालताना तो गुडघ्यावर आपटायचा म्हणून म्हस्कू पाय फाकून चालत होता. प्रार्थनेचा सूर आधी पुढच्या रांगेत तुटला, मग मागं मागं तुटत गेला, आणि सगळी शाळा एकदम हसायला लागली. पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या. बाजा वाजवणाऱ्या मास्तरांचे हातही थांबले.

म्हस्कू कोणाकडं बघत नव्हता. त्याचे कान लालभडक झाले होते आणि डोळे जमिनीवर होते.

नंदाबाई रांगा मोडून धावल्या. जवळ गेल्यावर त्यांना जे दिसलं त्यानं त्यांचा राग कुठं ठेवावा तेच कळेना. ओंडक्याची साल काढून तो तासलेला होता. कडा घासून गोल केलेल्या होत्या. आणि दोर मानेला कापू नये म्हणून धुळाजीनं स्वतःच्या घोंगडीचा काठ फाडून दोरावर गुंडाळला होता, घट्ट, एकसारखा. माणसानं जीव लावून केलेलं काम होतं ते.

"सोडा ते! आधी सोडा!" त्या गाठीला हात घालायला लागल्या.

धुळाजीनं आदबीनं त्यांचा हात बाजूला केला. "न्हाई बाई. तसं करत न्हाईत. ज्यानं बांधाया सांगितलं त्यानंच सोड म्हणावं लागतं. दुसऱ्यानं सोडलं तर जनावर मंग कवाच सुधरत न्हाई. आमच्यात तसंच हाये."

"अहो, पोरगं आहे ते तुमचं!"

"म्हणूनच तर बांधलं," धुळाजी म्हणाला. "फारम भरायचाय ना त्याचा?"

हेडसर पायऱ्यांवर उभे होते. क्षणभर त्यांचाही चेहरा उतरला होता. गंमत अशी अंगावर चालत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण सगळी शाळा हसतेय आणि आपल्याकडं बघतेय, हे लक्षात आल्यावर त्यांनी गळा साफ केला. "राहू द्या, मॅडम. पालक सहकार्य करतायत. असे पालक पाहिजेत."

नंदाबाईंना त्या वेळी पायातली चप्पल काढावीशी वाटली. त्यांनी ती काढली नाही, आणि पुढं कित्येक दिवस त्यांना त्याचाच राग येत राहिला.

संध्याकाळी त्या रानात आल्या. नवरा बद्रीनाथ आणि सासू सगुणाबाई कापूस वेचत होते. त्यांनीही साडी खोचली, फडकं बांधलं आणि कापसाच्या ओळीचं एक तास धरलं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखाच्या कडा फाटत होत्या. सासू पुढच्या तासाला गेली तेव्हा त्यांनी बद्रीनाथला सगळं सांगितलं.

"तू यात पडू नको," बद्रीनाथ म्हणाला. "मान्यता येऊ दे आधी. मंग काय बोलायचं ते बोल."

"मान्यता आल्यावर बोलायला तोंड राहील का?"

"काकासाहेबाशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालं गावात?"

"घरच्या रानात कापूस वेचायचा, आणि शाळेत दुसऱ्याच्या लेकरांकडून दुसऱ्याचा कापूस वेचून घ्यायचा," नंदाबाई म्हणाल्या. "हीच मास्तरकी करायची होती तर शिकले कशाला? खुरपंच दिलं असतं हातात."

बद्रीनाथनं त्यांच्याकडं बघितलं आणि हातातला कापूस फडक्यात टाकला. तो वाईट माणूस नव्हता, भिणारा होता, आणि नंदाबाईंना त्या दिवशी भिणाऱ्याचाही तितकाच संताप आला.

बुधवारी ढ तुकडी पुन्हा मळ्यात. म्हस्कूला आता पळता येत नव्हतं. वाकलं की ओंडका जमिनीला टेकायचा, सरळ झालं की गुडघ्याला लागायचा. तो एका हातानं ओंडका सावरत होता आणि एका हातानं कापूस वेचत होता. दोन्ही गुडघ्यांवरची कातडी निघाली होती आणि त्यावर मातीची खपली धरली होती. नंदाबाई त्याच्या शेजारच्या तासाला लागल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तू शाळेतून तर कधी पळत नाहीस. इथूनच का पळतोस?"

म्हस्कूनं ओंडका मांडीवर टेकवला. मग बांधाकडं हनुवटी करून म्हणाला, "तिथं माह्या मायला बसवलं व्हतं. मागच्या साली. आमची मेंढरं शिरली व्हती मळ्यात. काकासाहेबानं तिला उन्हात बसवलं, दिवसभर. पाणी बी दिलं न्हाई. लोकं येऊन बघून जात व्हते." त्यानं एक बोंड ओरबाडलं. "मी इथला कापूस येचणार न्हाई म्हन्लं व्हतं. आता येचून राह्यलो."

त्याची माय साखराबाई नंदाबाईंनी बाजारात पाहिली होती. डोईवर टोपली, कधी मान वर करून बोलायची नाही. आता त्यांना कळलं ती मान कुठं वाकली ते.

त्याच संध्याकाळी त्या हेडसरांकडं गेल्या आणि हे सांगितलं. हेडसर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, कार्यानुभव हा विषय आहे. त्याला श्रेणी असते. घरची भांडणं शाळेत आणायची नसतात."

गावात एकदा एखादी गोष्ट शाळेतून निघाली की ती कायदा होते. शाळेत काय चालतं ते कोणाला माहीत नसतं, म्हणून शाळा जे करते ते बरोबरच असणार असं धरून चालतात. शुक्रवारी सकाळी गोजरबाई आली. विधवा बाई, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. तिचा पोरगा तोतरा, त्याच तुकडीतला. तिनं त्याच्या गळ्यात घरचा वरवंटा बांधला होता. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून.

"काय करू बाई, घरात लाकूड न्हाई," ती ओशाळून म्हणाली. "त्या पोराला फारम भेटनार म्हन्ते. माह्याला बी पुढं भेटंल ना? जल्दी बांधून आणलं."

पोरगा पायरी चढताना तोंडावर पडला. ओठ फुटला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द निघेना आणि ओठातून रक्त निघत होतं. गोजरबाई त्याच्यावरच खेकसली, "नीट चाल की रं! शाळेचा कायदा हाये!"

नंदाबाईंनी वरवंटा तिथल्या तिथं सोडला. बांधायला सांगणाऱ्यानंच सोडायची धुळाजीसारखी चालरीत गोजरबाईला नव्हती, तिला फक्त भीती होती. पदरानं पोराचा ओठ दाबून धरून त्या तशाच ऑफिसात गेल्या. पदरावरचं रक्त त्यांनी हेडसरांच्या टेबलापुढं धरलं.

"बघा तुमचा कायदा."

"आता लोकांनी आपणहून केलं तर मी काय करू?" हेडसर म्हणाले. त्यांच्या आवाजात घाबरणं होतं आणि थोडी मजाही होती. "शिस्त आली ना पण? या आठवड्यात एक तरी पळालं का?"

"म्हणजे शाळेतून पळेल त्याला लोढणं, हा नियम."

"असंच समजा."

"सगळ्या शाळेला?"

समोर दोन मास्तर बसले होते, शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. हेडसर खुर्चीत ताठ झाले. "अर्थात! नियम म्हणजे सगळ्यांना. मी भेदभाव करत न्हाई."

"बरं झालं बोललात," नंदाबाई म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर त्या सरळ गावाबाहेर धुळाजीच्या वाड्यावर गेल्या. वाडा म्हणजे काट्यांचं कुंपण, आत मेंढरं आणि राहायला एक कापडी पाल. साखराबाई चुलीपुढं होती, तिनं बसायला पोतं टाकलं. "धुळाजी, मला अजून एक लोढणं करून द्या," नंदाबाई म्हणाल्या.

"कोणाच्या लेकराला, बाई?"

"काकासाहेबांच्या नातवाला. धर्मराजला. तो रोज दुपारून शाळेतून पळतो आणि टेंभुर्णीला व्हिडिओवर पिक्चर बघतो. नियम सगळ्यांना आहे."

धुळाजी गंभीर झाला. त्याला यात काही वावगं दिसलं नाही. कायदा सगळ्यांना आहे हे ऐकून उलट त्याला बरंच वाटलं असावं. त्यानं वासल्यानं ओंडका तासला, अंगठ्यानं कडा चाचपल्या, आणि दोरावर घोंगडीचा काठ दुहेरी गुंडाळला. "मोठ्या घरचं लेकरू हाये. मान नाजूक आसंल," तो म्हणाला. साखराबाई चुलीपुढून नंदाबाईंकडं बघत होती. तिला मात्र सगळं कळलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मान वर केल्यासारखं नंदाबाईंना वाटलं.

"मी येऊ का द्यायला?" धुळाजीनं विचारलं.

"नाही. हे माझं काम आहे."

काकासाहेबांचं घर दोन मजली, पुढं ट्रॅक्टर, पडवीत झोपाळा. शनिवारी सकाळी नंदाबाई लोढणं खांद्यावर टाकून भर गल्लीतून गेल्या. बाया दारात आल्या. दुर्गाबाई, काकासाहेबांच्या मंडळी, झोपाळ्यावर शेंगा फोडत होत्या. "या बाई, बसा. आन् हे काय आणलं?"

"धर्मराजचं लोढणं."

दुर्गाबाई हसल्या. मग नंदाबाई हसत नाहीत असं बघून त्यांचा हात शेंगेवर थांबला.

"शाळेतून पळणाऱ्या पोराला बांधायचं, असा हेडसरांनी नियम केलाय. सगळ्या शाळेला. चार माणसांसमोर बोललेत ते. तुम्ही बांधता का मी बांधू?"

"माह्या नातवाच्या गळ्यात?" दुर्गाबाई उठून उभ्या राहिल्या, मांडीवरच्या शेंगा सांडल्या. "तो काय ढोर हाये का?"

"हेच मी विचारायला आले!" नंदाबाईंचा आवाज आता गल्लीत ऐकू जात होता आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. "धुळाजीचं पोरगं आठवडा झाला गळ्यात ओंडका घेऊन फिरतंय. गोजरबाईच्या पोराच्या गळ्यात वरवंटा होता, त्याचा ओठ फुटला. ती ढोरं आहेत का? तुमच्या मळ्यातला कापूस घरात येतोय ना, तो ढोरांनी वेचलाय का लेकरांनी? सांगा मला!"

आतून काकासाहेब सदऱ्याची गुंडी लावत आले. ते कधी ओरडत नसत. "नंदाबाई, तुमच्या मान्यतेचा कागद कुठं आडकलाय, माहीत हाये ना?"

"तुमच्या खिशात."

काकासाहेबांनी लोढण्याकडं बघितलं, बाहेर जमलेल्या माणसांकडं बघितलं. ते निवडणुका लढवलेले गृहस्थ होते. आज संध्याकाळपर्यंत नातवाचं नाव पोरं कशाशी जोडतील, हे त्यांना बरोबर कळलं. "जीप काढा," ते गड्याला म्हणाले.

दुपारी शाळेच्या फाटकाशी जीप उभी राहिली. काकासाहेब खाली उतरले नाहीत. हेडसर जीपपाशी वाकून काहीतरी ऐकत होते, नुसतं हो हो करत होते. मग घामेजल्या तोंडानं परत आले आणि शिपायाला म्हणाले, "सोड रे त्या पोराचं. जल्दी."

धुळाजी त्या दिवसांत रोज फाटकाजवळ लिंबाखाली बसायचा. सोडायचा हुकूम आला तर आपण असावं म्हणून. शिपाई गाठीला हात लावतोय असं बघून तो उठला. "थांब बाबा. साहेब, तुमच्या तोंडानं म्हणा."

"सोडा म्हटलं ना!"

"सुधरला म्हणायचं का मंग?"

सगळ्या वर्गांच्या खिडक्या डोक्यांनी भरल्या होत्या. जीप तशीच उभी होती. हेडसर दातओठ खात म्हणाले, "हो हो, सुधरला. सोडा आता."

धुळाजीनं दोराला हात घातला आणि थांबला. "मंग फारम?"

"भरू नंतर."

"न्हाई साहेब." त्याच्या आवाजात राग नव्हता, वादही नव्हता. तो नुसतं काम नीट करत होता. "सुधरला की सोडायचं आन् फारम भरायचा, आसं तुमीच बोल्ले व्हते. सुधरला आसंल तर फारम भरा. सुधरला नसंल तर राहू द्या बांधलेलं. माही जबरदस्ती न्हाई."

जीपमधून काकासाहेबांचा आवाज आला. "तातेराव, संपवा ते."

फॉर्म व्हरांड्यातच भरला गेला. नंदाबाईंनी नाव लिहिलं, हेडसरांनी सही केली, आणि सही करताना त्यांचं पेन कागद फाडून खालच्या फळीत घुसलं. मग धुळाजीनं गाठ सोडली. ओंडका खांद्यावर टाकला. जायच्या आधी त्यानं हेडसरांना विचारलं, "येक सांगा साहेब. इतकं लवकर सुटायचं व्हतं, तर बांधलं काहून?"

हेडसर पेनाचं टोपण लावत राहिले. धुळाजी थोडा वेळ थांबला, उत्तर येत असेल म्हणून, आणि मग वहाणा घालून निघून गेला.

जीप वळताना काकासाहेब नंदाबाईंना म्हणाले, "बाई, एप्रिलपर्यंत शिकवा. पुढं आमी बघू दुसरं कोणी."

"चालेल," नंदाबाई म्हणाल्या. "परीक्षा मार्चात आहे."

त्या शेडाकडं वळल्या. त्यांच्यापुढं म्हस्कू चालला होता. गळा मोकळा होता, दोराचा लाल वळ तेवढा दिसत होता. आणि तो पाय फाकून चालत होता. मोकळ्या मैदानात, मध्ये काहीही नसताना, पाय दूर दूर टाकत, मान खाली घालून, एक हात पुढं धरून. सावरायला हातात काही नव्हतं तरी हात तिथंच होता.

नंदाबाई जागीच थांबल्या. फॉर्म भरला, गाठ सुटली, आणि ज्या पायांच्या जिवावर हे सगळं करायचं होतं तेच पाय यांनी नासवले होते.

"म्हस्कू!" त्या ओरडल्या. "पळ!"

तो थांबला. त्याला कळेना. इतके दिवस ज्याच्यासाठी शिक्षा, तेच मास्तरीण करायला सांगतेय.

"पळ म्हणते ना! मैदान सोडून पळ, ओढ्यापर्यंत पळ!"

त्यानं दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला गुडघा आपोआप बाजूला गेला, मार चुकवायला. तो धडपडला. खिडकीतलं कोणीतरी फिसकन हसलं. नंदाबाई खिडकीकडं वळल्या, आणि त्यांचं तोंड बघून ते हसू आत गेलं. "ऊठ! काही नाही तिथं! बघ खाली, काही नाही! पळ!" त्या ओरडत होत्या आणि रडत होत्या, आणि दोन्ही कोणापासून लपवत नव्हत्या. शेडातली सगळी तुकडी दारात आली होती. तोतऱ्या पोरानं फुटका ओठ उघडला. "प... प... पळ!" तो म्हणाला.

म्हस्कू उठला आणि पळाला. वेडावाकडा, फेंगडा, जनावर बिथरावं तसा. फाटकातून बाहेर गेला, बाभळींच्या पलीकडं गेला आणि दिसेनासा झाला.

हेडसर व्हरांड्यातून ओरडले, "गेलं ना पुन्हा! मॅडम, आता कोण आणणार त्याला?"

"कोणीही आणणार नाही," नंदाबाई म्हणाल्या. "त्याचा तो येईल."

त्या मैदानात उन्हात उभ्या राहिल्या. तासाची घंटा झाली. शिपाई कार्यानुभवाला पोरं न्यायला आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही, नुसतं "नाही" म्हणाल्या, आणि तो परत गेला. तुकडी त्यांच्यामागं येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं बाभळींमागून धूळ उठली, मग सदरा दिसला. तो येत होता. धापा टाकत, घामानं निथळत, ढेकळांवरून सरळ शाळेच्या दिशेनं पळत येत होता, आणि त्याचे गुडघे आता एकमेकांच्या जवळून जात होते.